परक्यांची वस्ती आणि विद्यार्थ्याची वाट : सेऊलमधील इतेवॉनच्या चित्रणाचा चिकित्सक अभ्यास

बीजसंज्ञा : परका, परदेशी, वस्ती, विद्यार्थी, इतेवॉन, वास्तव्य, दृक्‌श्राव्य कलाकृती

प्रस्तावना

शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी नव्या शहरात पोहोचला की विद्यापीठ आणि राहण्याची खोली या दोन गोष्टी त्याला बहुधा इतरांच्या मदतीने मिळतात. तिसरी गोष्ट मात्र त्याला स्वतःच शोधावी लागते. ती म्हणजे आपल्या चवीचे धान्य आणि मसाले मिळणारे दुकान. या शोधात तो बहुतेक वेळा त्या शहराच्या एका विशिष्ट भागात येऊन पोहोचतो. त्या भागाला स्थानिक लोक 'परदेशी लोकांची वस्ती' म्हणून ओळखतात. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, म्हणजे सेऊल शहरात, हा मान दीर्घकाळ इतेवॉन या भागाकडे राहिला आहे. गेल्या काही वर्षांत कोरियन मालिका महाराष्ट्रातील तरुण वर्गात मोठ्या प्रमाणात पाहिल्या जात असल्याने हे नाव मराठी घरांतही परिचित झाले आहे. २०२० साली प्रसारित झालेल्या 'इतेवॉन क्लास' या मालिकेने तर या वस्तीला जणू एक जागतिक पत्ताच मिळवून दिला.

एखादे स्थळ कलाकृतीमुळे प्रसिद्ध होते तेव्हा त्या स्थळाचे काय दाखवले गेले आणि काय वगळले गेले, हा समीक्षेचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात 'इतेवॉन क्लास' ही मालिका, 'इतेवॉन' हा २०१६ चा माहितीपट आणि 'इतेवॉन हत्या प्रकरण' हा २००९ चा चित्रपट या तीन कलाकृतींचा विचार केला आहे. तो करताना परदेशस्थ विद्यार्थ्याची नजर हा निकष मानला आहे. परक्याला 'आपला' मानण्याचा आधार या कलाकृतींना कोणता वाटतो, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न होय.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. इतेवॉन या वस्तीची ऐतिहासिक घडण समजून घेणे.
२. परदेशस्थ विद्यार्थ्याच्या दृष्टीने या वस्तीचे स्वरूप स्पष्ट करणे.
३. निवडक तीन कलाकृतींमधील परक्याच्या चित्रणाची चिकित्सा करणे.

'परदेशी' आणि 'परका' : संज्ञांचा विचार

कोरियन भाषेत परदेशी व्यक्तीसाठी 'वेगुगिन' हा शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'बाहेरच्या देशाचा माणूस' असा होतो. मराठीत मात्र यासाठी दोन वेगळ्या छटांचे शब्द उपलब्ध आहेत. 'परदेशी' हा शब्द मुख्यतः कायद्याचा व पारपत्राचा आहे. 'परका' हा शब्द नात्याचा आहे व त्याचा विरुद्धार्थी शब्द 'आपला' असा आहे. एखादी व्यक्ती परदेशी असूनही आपली होऊ शकते आणि स्वदेशी असूनही परकी राहू शकते. लग्न होऊन सासरी आलेल्या सुनेला पुष्कळ काळ परकी मानणाऱ्या समाजाला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०८ मध्ये परक्या माणसाविषयी जे विवेचन केले त्यात भटक्या प्रवाशाला परका मानलेले नाही. त्यांच्या मते परका म्हणजे येऊन राहिलेला, परंतु निघून जाण्याची शक्यता मागे उरलेला माणूस. तो समूहात असतो आणि समूहाबाहेरही असतो. या दृष्टीने पाहिल्यास विद्यार्थी हा परक्याचा एक विशेष प्रकार ठरतो. पर्यटक आठवड्याभरात परततो, तर स्थलांतरित कायमचा घर करू पाहतो. विद्यार्थी या दोहोंच्या मध्ये उभा असतो. तो भाषा शिकतो, भाडे भरतो, बाजारहाट करतो. परंतु त्याच्या व्हिसावर त्याच्या मुक्कामाची शेवटची तारीख छापलेली असते. ही मधली जागा गैरसोयीची असली तरी निरीक्षणासाठी ती मोलाची आहे.

इतेवॉनची घडण

इतेवॉन या नावातील 'वॉन' हे पद जोसॉन राजवटीतील सरकारी विश्रामस्थानांचे द्योतक आहे. राजधानीकडे येणाऱ्या-जाणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी व प्रवाशांसाठी अशी मुक्कामाची ठिकाणे बांधलेली असत. म्हणजेच या भूमीची मूळ ओळख सराईची आहे. नावाच्या पूर्वार्धाविषयी एकापेक्षा अधिक समजुती प्रचलित आहेत. एका समजुतीनुसार येथील नासपतीच्या झाडांवरून हे नाव पडले. दुसरी आख्यायिका अधिक वेदनादायक आहे. १५९२ च्या जपानी आक्रमणात अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रिया व त्यांची मुले यांना येथे वसवण्यात आले आणि 'परक्या गर्भाची जागा' अशा अर्थाने हे नाव रूढ झाले, असे ती सांगते. इतिहास म्हणून ही आख्यायिका स्वीकारता येत नसली तरी लोकमानसाने या जागेचा संबंध कशाशी जोडला, हे तिच्यातून निश्चितपणे कळते. समाजाने ज्यांना सामावून घेतले नाही त्यांची जागा, अशी या भूमीची प्रतिमा जुनी आहे.

आधुनिक काळात या प्रतिमेला लष्करी आधार मिळाला. इतेवॉनला लागून असलेल्या योंगसान येथे विसाव्या शतकाच्या प्रारंभी जपानी सैन्याने आपला तळ उभारला. १९४५ मध्ये जपानचा पराभव झाल्यानंतर त्या तळावर अमेरिकन सैन्य आले आणि १९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धानंतर ते तेथे स्थिरावले. शहराच्या मध्यभागी सुमारे अडीच चौरस किलोमीटरचा भूभाग अशा रीतीने परकीय सैन्याच्या ताब्यात राहिला. तळाच्या दाराबाहेर शिंपी, चामड्याच्या वस्तूंचे विक्रेते, मद्यालये, नृत्यगृहे आणि देहविक्रयाची ठिकाणे उभी राहिली. पुण्याच्या वाचकाला 'लष्कर' किंवा 'कॅम्प' हा भाग आठवला तर या घडणीची कल्पना सहज येईल. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर तेथेही परकीय फौजेची छावणी पडली, तिच्या आधाराने वेगळी बाजारपेठ वाढली आणि कालांतराने तीच शहरातील हौसेची बाजारपेठ झाली.

इतेवॉनच्या घडणीत आणखी तीन टप्पे महत्त्वाचे आहेत. पहिला टप्पा १९७६ चा. तेलसमृद्ध अरब राष्ट्रांशी संबंध दृढ करण्याच्या काळात कोरियन शासनाने दिलेल्या जागेवर, मुस्लिम देशांच्या अर्थसाहाय्याने, इतेवॉनच्या टेकडीवर सेऊलची मध्यवर्ती मशीद उभी राहिली. दुसरा टप्पा १९८९ चा. त्या वर्षी सामान्य कोरियन नागरिकाला परदेशप्रवासाची पूर्ण मोकळीक मिळाली. त्यापूर्वी ज्याला देशाबाहेर पाऊल टाकता येत नव्हते अशा कोरियन तरुणासाठी इतेवॉन हेच 'परदेश' होते. तिसरा टप्पा १९९७ चा. त्या वर्षी इतेवॉनला सेऊलमधील पहिले विशेष पर्यटन क्षेत्र घोषित करण्यात आले. लष्कराच्या दारातील बदनाम गल्ली शासनाच्या माहितीपत्रकात दाखल झाली.

या घडणीतून एक गोष्ट लक्षात येते. परक्यांची ही वस्ती परक्यांनी स्वतःहून निर्माण केलेली नाही. सैन्य, परराष्ट्रधोरण आणि पर्यटनविभाग यांच्या निर्णयांतून ती आकारास आली. परका येथे आला तेव्हा त्याच्यासाठीची जागा आधीच आखलेली होती.

विद्यार्थ्याची वाट : मुख्य रस्ता आणि चढ

भुयारी रेल्वेच्या सहाव्या मार्गावरील इतेवॉन स्थानकातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यासमोर दोन वाटा असतात. उत्तरेच्या बाजूला, मुख्य रस्त्यावरील मोठ्या हॉटेलच्या मागे, 'जागतिक खाद्य रस्ता' म्हणून ओळखला जाणारा भाग आहे. तेथे अनेक देशांचे पदार्थ, इंग्रजी पाट्या आणि रात्री उशिरापर्यंतची वर्दळ आढळते. विद्यापीठातील कोरियन सहाध्यायी त्याला प्रथम येथेच आणतात. 'तुला येथे घरच्यासारखे वाटेल' ही त्यामागील सद्भावना असते. परंतु तेथील चित्र पाहून विद्यार्थ्याच्या मनात वेगळाच प्रश्न उभा राहू शकतो. येथे 'परदेश' ही विकण्याची वस्तू आहे आणि तिचा ग्राहक प्रामुख्याने कोरियन तरुण आहे.

दुसरी वाट दक्षिणेकडे, उसादान रस्त्याच्या दिशेने चढत जाते. मद्यालयांच्या जुन्या गल्ल्या ओलांडून ती मशिदीपाशी पोहोचते. या चढावर हलाल मांसाची दुकाने, प्रवासी तिकिटे विकणारी व पैसे पाठवणारी कार्यालये आणि दक्षिण आशियाई किराणा मालाची दुकाने आहेत. तूरडाळ, मोहरी, हळद, बासमती यांच्यासाठी महाराष्ट्रातून गेलेल्या विद्यार्थ्याला या चढावर यावे लागते. गल्ल्यावर बसलेला दुकानदार पाकिस्तानी किंवा बांगलादेशी असू शकतो. व्यवहार हिंदी-उर्दूत होतो. मायदेशी ज्या सीमारेषेविषयी तावातावाने बोलले जाते, ती या ठिकाणी डाळीच्या पिशवीपुढे काही काळ तरी बाजूला सरते. परक्या भूमीवर परका माणूस परक्याला 'भाई' म्हणतो, हा अनुभव कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

याच चढावर विद्यार्थ्याला दुसरी जाणीवही होते. परक्यांमध्येही श्रेणी असतात. एकट्या सेऊलच्या परिसरात परक्यांच्या वस्त्या अनेक आहेत. १९८५ मध्ये फ्रेंच शाळा स्थलांतरित झाल्यानंतर नावारूपाला आलेले सोरे हे गाव 'छोटा फ्रान्स' म्हणून कौतुकाने मिरवले जाते. चीनमधून आलेल्या कोरियन वंशीयांची देरिम ही वस्ती मात्र चित्रपटांतून गुन्हेगारीची जागा म्हणून रंगवली गेली आणि २०१७ मध्ये तेथील रहिवाशांना त्याविरुद्ध निषेध नोंदवावा लागला. राजधानीजवळच्या आन्सान शहरातील वॉनगोक या कामगारवस्तीला २००९ मध्ये बहुसांस्कृतिक विशेष क्षेत्राचा दर्जा देण्यात आला. 'वेगुगिन' हा शब्द एकच आहे. परंतु त्या शब्दाला मिळणारी वागणूक त्वचेच्या रंगावर, चलनाच्या मूल्यावर आणि इंग्रजीच्या उच्चारावर अवलंबून असते. गोऱ्या कातडीचा इंग्रजी शिक्षक आणि सावळ्या रंगाचा कारखान्यातील मजूर हे दोघेही परदेशीच असतात. भारतीय विद्यार्थी या दोहोंच्या मध्ये कोठेतरी मोजला जातो आणि आपण नेमके कोठे मोजले जात आहोत हे त्याला दर खेपेस समोरच्याच्या चेहऱ्यावरून ताडावे लागते.

म्हणूनच इतेवॉनविषयीच्या कलाकृतींना एक साधा प्रश्न विचारता येतो. ही कलाकृती मुख्य रस्त्यावर थांबते की चढ चढते?

'इतेवॉन क्लास' : स्वातंत्र्याचा रस्ता आणि त्याच्या अटी

क्वांग जिन यांच्या चित्रकथेवर आधारित, त्यांनीच लिहिलेली आणि किम सॉंग-युन यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका सोळा भागांची आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर कारावास भोगून आलेला पार्क सेरोयी हा तरुण इतेवॉनमध्ये एक छोटे मद्यालय सुरू करतो आणि 'जांगा' या बलाढ्य खाद्यउद्योगाशी टक्कर देतो, असे तिचे कथानक आहे. सेरोयी प्रथम या वस्तीत येतो ती रात्र हॅलोविनची आहे. वेगवेगळ्या वेशांतील माणसांची गर्दी पाहून तो भारावतो. ज्या समाजाने त्याला शाळेतून काढले व तुरुंगात टाकले, त्या समाजाच्या चौकटीबाहेरची जागा त्याला येथे सापडते.

या मालिकेची बलस्थाने नाकारता येत नाहीत. सेरोयीच्या मद्यालयात शिक्षा भोगून आलेला तरुण आहे, पारलिंगी स्वयंपाकी आहे आणि आफ्रिकी-कोरियन तरुण टोनी आहे. लोकप्रिय कोरियन मालिकेत अशा व्यक्तिरेखांना सहृदयतेने स्थान मिळणे ही लक्षणीय बाब होती. मा ह्यॉन-यी या पारलिंगी स्वयंपाकी स्त्रीचे सत्य जगासमोर उघड होऊनही ती स्पर्धेला सामोरी जाते, हा प्रसंग मालिकेच्या उत्तम प्रसंगांपैकी होय. टोनीच्या चित्रणातही मार्मिक विनोद आहे. तो परदेशी दिसतो म्हणून त्याला इंग्रजी येत असेल अशा समजुतीने कामावर ठेवले जाते. प्रत्यक्षात त्याला कोरियन आणि फ्रेंच येते, इंग्रजी येत नाही. 'परदेशी' या शब्दामागे दडलेली अपेक्षा या एका प्रसंगातून उघडी पडते.

परंतु टोनीच्याच कथेत मालिकेची मर्यादाही दडलेली आहे. त्वचेच्या रंगामुळे त्याला एका क्लबात प्रवेश नाकारला जातो. परक्यांची म्हणून गाजलेल्या वस्तीतच परक्याला दार बंद होते, हा प्रसंग धाडसी आहे. मात्र या अन्यायाविरुद्ध टोनीकडे असलेला युक्तिवाद 'माझे वडील कोरियन आहेत, म्हणून मी कोरियन आहे' असा आहे. पुढे एक धनाढ्य कोरियन वृद्धा त्याची आजी असल्याचे उघड होते आणि त्याच्या शोधाला पूर्णत्व येते. भावनिक पातळीवर हे समाधानकारक असले तरी वैचारिक पातळीवर एक प्रश्न अनुत्तरित राहतो. टोनीचे वडील कोरियन नसते, तर त्याला दाराबाहेर उभे करणे योग्य ठरले असते काय? मालिकेने अन्याय दाखवला. परंतु त्याचे निवारण रक्ताच्या पुराव्यावर सोपवले.

या रचनेमागील ऐतिहासिक उलथापालथ अधिक बोलकी आहे. लष्करी तळाच्या परिसरात जन्मलेल्या मिश्रवंशीय मुलांच्या बाबतीत सर्वसाधारणपणे आई कोरियन आणि वडील अमेरिकन सैनिक असत. कोरियन कायद्यानुसार नागरिकत्व प्रामुख्याने पित्याकडून मिळत असे. आईकडूनही ते समान रीतीने मिळण्याची तरतूद १९९८ मध्ये अमलात आली. पित्याचा ठावठिकाणा नाही आणि आईच्या नावाला पुरेसे वजन नाही, अशा अवस्थेत अनेक मुले वाढली. मालिकेने मात्र मिश्रवंशीय तरुणाला कोरियन वडील आणि परदेशी आई बहाल केली. त्यामुळे पितृवंशाच्या जुन्या नियमाला धक्का न लावता त्याला 'आपला' करून घेता आले. या वस्तीच्या इतिहासातील सर्वाधिक दुखरी बाजू अशा प्रकारे कथानकाच्या सोयीसाठी उलटी करण्यात आली आहे.

दुसरी अट मालमत्तेची आहे. जांगाचा अध्यक्ष मद्यालयाची इमारत विकत घेऊन सेरोयीला हुसकावून लावतो. यावर सेरोयी दुसऱ्या रस्त्यावर स्वतः इमारत विकत घेतो. भाडेकरूच्या असुरक्षिततेवर मालिकेने शोधलेला उपाय म्हणजे भाडेकरूने मालक व्हावे. इतेवॉनच्या परिसरातील ग्योंगनिदान रस्त्यावर वाढत्या भाड्यांमुळे दुकाने रिकामी पडल्याचे वास्तव सर्वश्रुत असताना हा उपाय मूठभरांसाठीच शक्य आहे, हे वेगळे सांगायला नको.

रक्त आणि मालमत्ता या दोन अटींवर मालिकेतील स्वातंत्र्य उभे आहे. परदेशस्थ विद्यार्थ्याकडे यांपैकी काहीच नसते. त्यामुळे त्याच्या नजरेतून पाहिल्यास मालिकेतील इतेवॉन हा स्वातंत्र्याचा रस्ता असला तरी त्या रस्त्यावर त्याच्यासाठी केवळ पार्श्वभूमीतील गर्दीत उभे राहण्याची जागा आहे. मशिदीचा चढ, किराणा दुकाने, पैसे पाठवणाऱ्या कार्यालयांपुढील कामगार यांना कथानकात स्थान नाही. मालिका मुख्य रस्त्यावर थांबते.

'इतेवॉन हत्या प्रकरण' : भीतीचा ध्रुव

२००९ मध्ये प्रदर्शित झालेला हाँग की-सॉन दिग्दर्शित चित्रपट १९९७ मधील एका सत्य घटनेवर आधारित आहे. इतेवॉनमधील एका उपाहारगृहाच्या स्वच्छतागृहात एका निरपराध कोरियन विद्यार्थ्याची हत्या झाली. दोन अमेरिकन नागरिक असलेल्या तरुणांवर संशय होता व दोघेही एकमेकांकडे बोट दाखवत होते. या प्रकरणातील दोषीला शिक्षा होण्यास तब्बल दोन दशके लागली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर अंतिम शिक्कामोर्तब केले.

मृताच्या कुटुंबीयांच्या व्यथेला वाचा फोडण्याचे श्रेय या चित्रपटाला दिलेच पाहिजे. न्यायाच्या वाटेत येणारा परकीय नागरिकत्वाचा अडसर त्याने ठसठशीतपणे मांडला. तथापि स्थळचित्रणाच्या दृष्टीने पाहता येथे इतेवॉन ही कायद्याचा हात न पोहोचणारी जागा म्हणून उभी राहते. 'इतेवॉन क्लास' मधील मोकळेपणा आणि या चित्रपटातील भय ही एकाच समजुतीची दोन रूपे आहेत. ती समजूत म्हणजे इतेवॉन हा कोरियातील कोरियाबाहेरचा प्रदेश होय. एका कलाकृतीला त्याचे आकर्षण वाटते, दुसरीला धास्ती वाटते. दोन्हींमध्ये तेथे राहणारा, भाडे देणारा, सकाळी दुकानाचे दार उघडणारा माणूस दृष्टीआड राहतो.

'इतेवॉन' : वास्तव्याचा अधिकार

कांगयू गाराम या दिग्दर्शिकेचा 'इतेवॉन' हा माहितीपट या पार्श्वभूमीवर वेगळा ठरतो. अमेरिकन सैनिकांच्या राबत्याच्या काळापासून येथील मद्यालयांच्या व क्लबांच्या जगात काम केलेल्या आणि वार्धक्याकडे झुकलेल्या तीन स्त्रिया त्याच्या केंद्रस्थानी आहेत. एकीकडे सैन्य निघून जाण्याची चाहूल लागलेली आहे, दुसरीकडे नव्या पिढीची दुकाने आणि पुनर्विकासाची चर्चा यांमुळे वस्तीचा चेहरा बदलतो आहे. या बदलात त्या स्त्रिया आपल्या जागी टिकून आहेत.

येथे दिग्दर्शिकेने त्या स्त्रियांकडे दयेने पाहिलेले नाही, तसेच त्यांना प्रतीकही बनवलेले नाही. त्या कोरियन आहेत, परंतु परकीय सैनिकांशी जोडल्या गेल्यामुळे स्वसमाजाने त्यांना परके ठरवले. 'परदेशी' नसूनही 'परकी' असणे म्हणजे काय, याचे उत्तर या माहितीपटात आहे. त्यांना या जागेवर हक्क सांगण्यासाठी वंशाचा दाखला द्यावा लागत नाही. त्यांनी येथे आयुष्य काढले, एवढाच त्यांचा अधिकार आहे आणि तो पुरेसा आहे, असे माहितीपट न बोलता सांगतो. रक्त आणि मालमत्ता यांच्या पलीकडचा तिसरा आधार, म्हणजे वास्तव्य, येथे समोर येतो.

माहितीपटाने चढाची वाट धरली आहे, असे निश्चितच म्हणता येईल. तरीही एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. या कलाकृतीतही निवेदन कोरियन स्त्रियांच्या अनुभवाभोवती फिरते. त्याच टेकडीवर त्यांच्याशेजारी राहणाऱ्या दक्षिण आशियाई वा आफ्रिकी रहिवाशाच्या दृष्टीने ही वस्ती कशी दिसते, हे अद्याप सांगायचे राहिले आहे.

२०२२ नंतरचे इतेवॉन

या चर्चेत २०२२ च्या घटनेचा उल्लेख टाळता येणार नाही. २०१८ मध्ये अमेरिकन सैन्याचे मुख्यालय प्योंगटेक येथे हलवले गेले होते. सैनिकांची जागा तरुणांच्या गर्दीने घेतली होती. २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री, हॅलोविननिमित्त जमलेल्या गर्दीत, मुख्य रस्त्याला खाद्य रस्त्याशी जोडणाऱ्या एका अरुंद उतरत्या गल्लीत चेंगराचेंगरी झाली. या दुर्घटनेतील मृतांची संख्या १५९ नोंदवली गेली. त्यांत २६ जण परदेशी नागरिक होते व ते १४ देशांतून आलेले होते. त्यांच्यात शिक्षणासाठी आलेले तरुण-तरुणीही होते. दुर्घटनेपूर्वीच्या काही तासांत गर्दीच्या धोक्याची सूचना देणारे अकरा दूरध्वनी पोलिसांना गेले होते, ही बाब पुढे उघड झाली.

दुर्घटनेनंतर उमटलेल्या प्रतिक्रियांत एक सूर असा होता की, मुळात परदेशी सण साजरा करण्यासाठी तेथे जाण्याची गरज काय होती. गर्दीच्या नियोजनातील त्रुटींची जबाबदारी अशा रीतीने सणाच्या परकेपणावर ढकलण्यात आली. जी जागा शासनाने स्वतःच्या माहितीपत्रकात 'परदेश' म्हणून मांडली, तेथे जाणे हाच तरुणांचा दोष ठरवण्यात आला. मालिकेतील सेरोयी ज्या रात्रीच्या मोकळेपणाने भारावला होता, त्याच सणाच्या रात्री त्या मोकळेपणाची किंमत प्रत्यक्षातील तरुणांना मोजावी लागली. स्वातंत्र्याची प्रतिमा विकली गेली. त्या प्रतिमेकडे येणाऱ्यांच्या सुरक्षिततेची व्यवस्था मात्र झाली नाही.

याउलट स्थानकाच्या पहिल्या क्रमांकाच्या दाराशी लोकांनी चिकटवलेल्या हजारो चिठ्ठ्या अनेक भाषांत होत्या. तेथे कोणीही मृतांचे नागरिकत्व तपासून शोक केला नाही. परक्याला आपला मानण्याचा जो आधार कलाकृतींना क्वचितच सापडला, तो या भिंतीला सापडला.

मराठी संदर्भ

या विवेचनाचा मराठी वाचकाशी असलेला संबंध दुहेरी आहे. एकीकडे महाराष्ट्रातील विद्यार्थी मोठ्या संख्येने परदेशी जात आहेत आणि त्यांच्या अनुभवकथनात परदेशाची स्वच्छता, शिस्त, थंडी व खाण्याची आबाळ यांना पुष्कळ जागा मिळते. परक्यांच्या वस्तीत भेटलेल्या इतर परक्यांना तितकी जागा मिळत नाही. दुसरीकडे पुण्यासारख्या शहरात आफ्रिकी, अरब व इराणी विद्यार्थी अनेक वर्षे शिक्षणासाठी येत आहेत. खोली भाड्याने देताना त्यांच्याविषयी विचारले जाणारे प्रश्न आणि इतेवॉनच्या क्लबाच्या दारात टोनीला ऐकावे लागलेले शब्द यांतील अंतर किती आहे, याचा विचार मराठी वाचकानेही करावयास हवा. टोनीच्या अपमानाने हळहळणारा प्रेक्षक आपल्या सोसायटीतील परदेशी भाडेकरूकडे कोणत्या नजरेने पाहतो, यावर त्या हळहळीचे मोल ठरते.

निष्कर्ष

१. इतेवॉन ही परक्यांची वस्ती सैन्य, परराष्ट्रधोरण आणि पर्यटन यांच्या निर्णयांतून घडलेली आहे. 'परदेशी वस्ती' ही नैसर्गिक बाब नसून ती आखून दिलेली जागा आहे.

२. परदेशस्थ विद्यार्थी हा पर्यटक व स्थलांतरित यांच्या मधल्या जागेवर असल्याने वस्तीचे प्रदर्शनीय रूप आणि जगण्याचे रूप ही दोन्ही त्याला दिसू शकतात.

३. 'इतेवॉन क्लास' या मालिकेने उपेक्षितांना स्थान दिले. परंतु परक्याच्या स्वीकारासाठी रक्त आणि मालमत्ता या जुन्याच अटी कायम ठेवल्या.

४. 'इतेवॉन हत्या प्रकरण' या चित्रपटातील भय आणि मालिकेतील आकर्षण या दोहोंच्या मुळाशी इतेवॉनला देशाबाहेरचा प्रदेश मानणारी एकच धारणा आहे.

५. 'इतेवॉन' या माहितीपटाने वास्तव्य हा स्वीकाराचा वेगळा आधार समोर ठेवला, मात्र परदेशी रहिवाशाचे निवेदन त्यातही केंद्रस्थानी आलेले नाही.

समारोप

इतेवॉनची मूळ ओळख सराईची होती. सराईत उतरणाऱ्याला त्याचे कूळ विचारून नव्हे, तर तो वाटेवरचा आहे म्हणून जागा दिली जाते. विद्यार्थी हाही वाटेवरचाच असतो. ठरलेल्या तारखेला तो परततो. परंतु मधल्या काळात त्या चढावरच्या दुकानदाराला त्याच्या डाळीचे प्रमाण ठाऊक झालेले असते आणि त्याला त्या दुकानदाराच्या मुलाचे नाव. पारपत्र बदलत नाही, वंश बदलत नाही, तरीही दोघांत 'परका' हा शब्द उरत नाही. या साध्या परिचयाचे चित्रण करणारी कलाकृती अद्याप लिहिली जाणे बाकी आहे. ती एखाद्या परदेशस्थ विद्यार्थ्याच्या हातून लिहिली गेली, तर इतेवॉनचा चढ साहित्याने खऱ्या अर्थाने चढला, असे म्हणता येईल.